सोलापुरात घरची तुती, बोर, फालसा, करवंद: कीड आणि रोगांचा धागा

परसदार_जुळेसोलापूर

तुती, बोर, फालसा, करवंद आणि थंडीपुरती कुंडीतली स्ट्रॉबेरी-रसभरी, एवढ्यांपुरताच हा धागा ठेवूया. डाळिंब-द्राक्षांच्या माहितीला आपल्याकडे तोटा नाही. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र तर केगावलाच आहे. पण बागायतदाराचं फवारणीचं वेळापत्रक दारातल्या दोन झुडपांना लावता येत नाही. ही फळं सालीसकट खाल्ली जातात. तुती तर पोरं झाडाखाली उभी राहून तोडतात आणि तशीच तोंडात टाकतात, धुण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून इथे लिहिताना क्रम असा धरावा: आधी ओळख, मग कात्री, मग पाण्याचा फवारा, आणि बाटलीतलं औषध सगळ्यांत शेवटी.

सुरुवात तुतीपासून. शेंड्याची पानं आखडतात, गडद हिरवी आणि जाड होतात, दोन पेरांमधलं अंतर कमी होतं, शेंड्याचा गड्डा होतो. हे बघून बरेच जण व्हायरस समजून अख्खं झाड उपटतात. जाणकारांनी लिहा.

रेशीमवाट

झाड उपटू नका, व्हायरस नाही. गुलाबी पिठ्या ढेकूण आहे. रेशीमवाले या लक्षणाला टुक्रा म्हणतात. कीड कोवळ्या शेंड्यात बसून रस शोषते आणि तिची लाळ झाडात गेल्यामुळे शेंडा वेडावाकडा होतो. आखडलेलं एखादं पान उलगडून बघा, आत कापसासारखा पुंजका दिसेल. तो काडीने फोडला की गुलाबीसर किडे आणि अंडी दिसतात. एका मादीच्या पिशवीत शेकड्यांनी अंडी असतात.

काय करायचं ते सांगतो. गड्डा झालेला शेंडा खाली चांगल्या पानापर्यंत, म्हणजे साधारण वीतभर, कापायचा. कापण्याआधी शेंड्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि पिशवीतच कापा. नाहीतर कापताना पिलं खाली सांडतात आणि बुंध्यावरून परत चढतात. पिशवीचं तोंड बांधून उन्हात टाका किंवा शेंडे साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा. कंपोस्टच्या ढिगात कधीच नाही. तिथून मुंग्या त्यांना उचलून परत आणतात.

आपल्याकडे मार्च ते जून हा या किडीचा जोराचा काळ. पावसाचे दोन चांगले दणके बसले की बरीच धुऊन जाते.

गच्ची_विजापूररोड

शेंडे कापल्यावर साबणाचं पाणी मारतात, त्याचं प्रमाण कोणी नीट सांगेल का? कुठे चमचाभर लिहिलंय, कुठे मूठभर पावडर. आणि आमच्या बोअरच्या पाण्यात साबण फेसच धरत नाही.

खारं_पाणी

ताई, तुमच्या दुसऱ्या वाक्यातच अर्धं उत्तर आहे. सोलापुरात साबणाची फवारणी फसते ती बहुतेक वेळा पाण्यामुळे. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं, पांढरा साका तयार होतो आणि किडीच्या अंगावर काम करायला साबण उरतच नाही. वरून तो साका पानावर थर धरतो आणि पंपाचं नोझल तुंबवतो.

पारख सोपी आहे. स्वच्छ बाटली अर्धी भरा, खऱ्या साबणाचे पाच-सहा थेंब टाका, जोरात हलवा. वर फेस टिकला आणि खाली पाणी नितळ राहिलं तर चालेल. पाणी दुधाळ होऊन वर चोथा तरंगला तर ते फवारणीला घेऊ नका. फवारणीला लागतं दोन-चार लिटर, तेवढं पावसाचं साठवलेलं, फिल्टरचं किंवा एसीतून गळणारं पाणी मिळतं. फक्त आरओच्या बाहेर फेकलेल्या नळीचं घेऊ नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

प्रमाण: बागेसाठी मिळणारा पोटॅश साबण लिटरला 5 मिली. तो नसेल तर भांड्यांचं साधं लिक्विड लिटरला 3 मिली, त्याहून जास्त नाही. कपड्याची पावडर अजिबात नको. त्यातला सोडा आणि ब्लीच कोवळं पान जाळतात. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस वाट बघा.

साबण ओला असेपर्यंतच काम करतो, वाळला की संपलं. त्यामुळे किडीच्या अंगावर प्रत्यक्ष पडला तरच उपयोग. पानाच्या खालून, बेचक्यांतून, खोडाच्या भेगांतून मारा. मोठ्या ढेकणांवर मेण असतं, तिथे तो घसरतो. मरतात ती नुकती बाहेर पडलेली, मेण न चढलेली पिलं. म्हणून एकदा मारून भागत नाही. सात-आठ दिवसांनी दुसरी आणि तितक्याच दिवसांनी तिसरी फवारणी झाली, तर अंड्यातून मागाहून निघालेली पिलंही सापडतात.

काळी_माती

यात आपल्या उन्हाचा हिशोब धरा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार असतो आणि सूर्य मावळल्यावरही हवा तापलेलीच असते. साबण असो की निंबोळी तेल, 32 अंशांच्या वर मारलं की पानाच्या कडा भाजतात. उन्हाळ्यात संध्याकाळचा नेम सोडा, पहाटे उजाडताच मारा. साबण असेल तर ऊन तापण्याआधी साध्या पाण्याने झाड धुऊन टाका, तोवर त्याचं काम झालेलं असतं. तेल मात्र धुतलं जात नाही, म्हणून एप्रिल-मे मध्ये तेल मारूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तहानलेल्या झाडावर काहीच फवारू नका. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या.

परसदार_जुळेसोलापूर

निंबोळी तेल, निंबोळी अर्क आणि दुकानातलं अझाडिरॅक्टिन (निंबोळीतला किडीवर काम करणारा घटक) यांत फार गोंधळ होतो. कोणीतरी सविस्तर लिहावं.

खारं_पाणी

तिन्ही वेगळे आहेत.

घरचा अर्क 5 टक्के: वाळलेल्या निंबोळ्या जाडसर कुटून 50 ग्रॅम घ्या, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी ढवळून दुहेरी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणचुरा घालून लगेच वापरा. निंबोळी त्याच वर्षाची हवी आणि सावलीत वाळवलेली. बुरशी धरलेली किंवा दोन वर्षं पडलेली असेल तर त्यात काही राहिलेलं नसतं.

तेल: लिटरला 5 मिली. तेल आधी 2-3 मिली लिक्विड साबणात घोटून दुधासारखं करायचं, मग थोडं थोडं पाणी घालायचं. पाण्यावर तेल ओतून हलवलं तर ते वर तरंगतं. मग पंपातून सुरुवातीला नुसतं पाणी येतं आणि शेवटी नुसतं तेल. झाडाची एक बाजू जळते ती अशी.

अझाडिरॅक्टिन 1500 पीपीएम: लिटरला 3 ते 5 मिली. यात मिसळण्याचा घटक आधीच असतो, वेगळा साबण लागत नाही. हे अल्कधर्मी पाण्यात लवकर बिघडतं आणि आपलं बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मीच. लिंबाचे थेंब टाकून पाण्याचा सामू (पीएच) 6 च्या आसपास आणला की बरं. पण ही लिंबाची युक्ती साबणाच्या पाण्यात करू नका. आंबट लागलं की खरा साबण फाटतो. साबणाच्या फवारणीत लिंबू घालायचा सल्ला सर्रास दिसतो, तो चुकीचा आहे.

कोणतंही द्रावण करून ठेवायचं नाही. केलं त्याच दिवशी संपवायचं.

मोरचूद

मुंग्यांचं कोणीच लिहिलं नाही. पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड यांच्या अंगातून जो गोड चिकटा सुटतो तो खायला मुंग्या येतात आणि मोबदल्यात या किडींची राखण करतात. ढालकिडे (लेडीबर्ड, या किडी खाणारे मित्रकीटक) आले की त्यांना हुसकतात. तुम्ही कितीही साबण मारा, मुंग्या चालू असतील तर कीड परत बसणारच.

बुंध्याला जमिनीपासून दीड-दोन फुटांवर रुंद चिकटपट्टी घट्ट गुंडाळा आणि तिच्यावर ग्रीसचा पट्टा ओढा. ग्रीस थेट सालीला लावायचं नाही, साल मरते. फांद्या भिंतीला, तारेला किंवा शेजारच्या झाडाला टेकत असतील तर मुंग्यांना तो पूल मिळतो, तेवढ्या कापा. आपल्याकडे धूळ खूप, आठ-पंधरा दिवसांत ग्रीसवर मातीचा थर बसतो आणि त्यावरून त्या आरामात चालतात. पट्टी बदलत राहा. कुंडी असेल तर स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

गच्ची_विजापूररोड

पिठ्या ढेकणांच्या मधोमध एक मोठी, लांब पांढऱ्या झुबक्यांची अळीसारखी काहीतरी फिरते आहे. मोठा ढेकूणच असावा म्हणून चिरडायच्या बेतात आहे.

रेशीमवाट

थांबा ताई! चिरडू नका. भरभर चालत असेल तर ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी आहे. दिसते ढेकणासारखी, खाते ढेकणांनाच. पिठ्या ढेकूण सहसा जागचा हलत नाही, हलला तरी अगदी संथ. ही अळी दिसली की त्या झाडावर साबण, तेल, काही मारू नका, फक्त मुंग्या अडवा. बाकीचं ती बघून घेते.

अजून एक. अंगणात पपई असेल तर तिच्या पानांची खालची बाजू तपासा. पपईवरचा पिठ्या ढेकूण तुतीवरही येतो. तो चिरडला तर पिवळसर रस निघतो, आणि तुतीचे शेंडे गुलाबीइतके आखडत नाहीत, पण पानांखाली पांढरा थर बसतो. ही परदेशी कीड भारतात 2008 मध्ये कोइंबतूरला सापडली आणि 2010 मध्ये तिच्यावर जगणारी बारीक गांधीलमाशी प्वेर्तो रिकोहून आणून सोडली गेली. त्या माशीमुळेच ती आटोक्यात आली. यावर जहाल कीटकनाशक मारलं तर आधी ती माशी मरते.

बोराटी

आता बोराकडे वळू. उमराण, कडाका, ॲपल बोर, कोणतंही असो, घरच्या बोराचं निम्मं नुकसान फळमाशी करते. फळ वरून छान, फोडलं की बीभोवती तपकिरी, सडका वास आणि आत अळ्या.

यात दोन किडी आहेत. पांढरट, पाय नसलेली, टोकाकडे निमुळती असेल तर ती फळमाशीची अळी. लालसर, डोकं आणि पाय असलेली असेल तर फळ पोखरणारी अळी, ती पतंगाची. दोन्हींचं खाणं बीजवळच, म्हणून लोक एकच समजतात.

माशी फळ वाटाण्याएवढं झालं की अंडी घालायला लागते. पूर्ण वाढलेली अळी फळातून जमिनीवर पडते आणि चार-सहा इंचांपर्यंत मातीत शिरून कोश करते. पुढच्या हंगामाची माशी तिथूनच निघते. म्हणून तिचा खरा इलाज झाडाखालच्या जमिनीत आहे.

एप्रिल-मे मध्ये छाटणीनंतर झाडाच्या पसाऱ्याखालची माती वीतभर खोल उकरून उलथी करा आणि तशीच उन्हात पडू द्या. आपलं ऊन कोशांना भाजून काढतं, पक्षी वेचून खातात. कोंबड्या असतील तर सोडा. महिन्याने पुन्हा एकदा चाळवा. हंगामात खाली पडलेलं प्रत्येक बोर रोज उचलायचं. नुसतं कोपऱ्यात टाकायचं नाही. जाड पिशवीत बांधून आठवडाभर उन्हात ठेवायचं.

झाड लहान असेल तर फळ वाटाण्याएवढं असतानाच फांद्यांवर बारीक मच्छरदाणीची लांब पिशवी चढवून दोन्ही टोकं बांधा. फुलोऱ्यात बांधू नका, मधमाश्या-माश्या आत गेल्या नाहीत तर फळच धरणार नाही.

आजूबाजूला पडीक जागेत बोराटी (रानबोराची झुडपं) असेल तर माशीचा साठा तिथेच असतो. होटगी रोड, बाळे, अक्कलकोट रोडच्या बाजूच्या वस्त्यांत हे फार. तिथे शेजाऱ्यांनीही पडलेली बोरं वेचली तरच फरक पडतो.

पोपटी

कामगंध सापळे लावले तर? पेरूला आणि आंब्याला फार चांगले चालतात. गोळी आणि डबी स्वस्तात मिळते.

बोराटी

ते मिथाइल युजेनॉलचे सापळे. आंबा-पेरूच्या माशीचे नर त्याला येतात. बोराची माशी वेगळ्या जातीची, तिला त्या वासाचं आकर्षण नाही. डबीत माश्या पडलेल्या दिसतील, पण त्या शेजारच्या पेरूच्या. ते बघून समाधान होतं आणि बोर मात्र सडतंच. पेरू असेल तर पेरूसाठी लावा की, बोरासाठी नको.

परसदार_जुळेसोलापूर

भुरीबद्दल, म्हणजे पांढऱ्या पावडरीसारख्या बुरशीबद्दल लिहा. थंडी पडायला लागली की प्रश्न सुरू होतात.

मोरचूद

बोराची भुरी आणि तुतीची भुरी वेगवेगळी असते आणि वेगळ्या जागी दिसते. तुतीवर पांढरी पावडर पानाच्या खाली असते, वरून त्या जागी फक्त पिवळट डाग दिसतो. म्हणून पान उलटल्याशिवाय कळत नाही. बोरावर ती कोवळ्या पानांवर आणि थेट फळावर येते. फळ वाटाण्याएवढं असताना पांढरा लेप, मग साल तपकिरी, खरबरीत, बुचासारखी, वाढ खुंटते, तडकतं आणि गळतं. उमराणवर जास्त येते. एकदा साल बुचासारखी झाली की ते फळ सुधारत नाही, म्हणून पहिला पांढरा ठिपका दिसला तोच दिवस महत्त्वाचा.

ऑक्टोबरच्या शेवटी रात्री गार व्हायला लागतात तेव्हा रोज बघा. पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम. आधी कपभर पाण्यात पेस्ट, मग बाकीचं पाणी, आणि फवारताना पंप हलवत राहायचं, ते तळाशी बसतं. चमच्याने मोजू नका, वजन करा. गंधक हलकं-जड भरतं, चमच्यात दुप्पट जाऊ शकतं. 10 ते 15 दिवसांनी दुसरी फवारणी.

गंधकाच्या दोन अटी आहेत. 32 अंशांच्या वर नाही, म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी तर नाहीच, ऊन उतरल्यावर मारा. आणि निंबोळी तेल किंवा कुठलंही तेल मारलं असेल तर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. तेलावर गंधक पडलं की पान जळतं. काढणीआधी किती दिवस थांबायचं ते पाकिटावर छापलेलं असतं, ते पाळा आणि फळं चोळून धुवा. तुतीला फळं लागलेली असताना गंधक नकोच. खालची बाधित पानं काढा, आतली दाटी विरळ करा, तेवढं पुरतं.

पोपटी

आंबट ताक, दूध, खाण्याचा सोडा, यांचं काय?

काळी_माती

दूध चालतं. 100 मिली दूध आणि 900 मिली पाणी, सकाळी उन्हात, आठवड्याला एकदा, पण भुरी दिसायच्या आधी किंवा अगदी सुरुवातीला. पांढरा लेप चढल्यावर त्याच्याकडून फार अपेक्षा नको. खाण्याच्या सोड्याला मात्र माझा विरोध आहे. त्यात सोडियम आहे, आणि आपलं पाणी आधीच क्षाराचं. कुंडीत ते सोडियम साचतं, काळ्या मातीत तर माती घट्ट होते. त्या जातीचंच हवं असेल तर पोटॅशियम बायकार्बोनेट बघा.

परसदार_जुळेसोलापूर

जुन्या छापील पत्रकांवरून औषधं आणणाऱ्यांसाठी एक सूचना कोणीतरी ठळक लिहा.

रेशीमवाट

लिहितो. तुतीच्या पिठ्या ढेकणासाठी डायक्लोरव्हॉस, कोळ्यासाठी डायकोफॉल, बोराच्या भुरीसाठी डिनोकॅप, ही नावं जुन्या पत्रकांत सगळीकडे सापडतात. डायक्लोरव्हॉस भारतात 31 डिसेंबर 2020 पासून बंद आहे. डायकोफॉल आणि डिनोकॅपवर 2023 मध्ये बंदी आली. कोणाच्या कपाटात जुनी बाटली असली तरी वापरू नका. मार्केट यार्डाजवळच्या कृषी सेवा केंद्रात मागताना 'कीड मारायचं द्या' असं न म्हणता कीड आणि झाड दोन्ही सांगा, सीलबंद पाकीट घ्या, पुडीत बांधून दिलेलं सुटं औषध घेऊ नका.

तंबाखूचा काढाही नको. घरगुती म्हणून लोक निर्धास्त असतात, पण निकोटीन जहाल विष आहे, कातडीतून अंगात जातं. शिवाय रसभरी ही टोमॅटो-वांग्याच्या कुळातली, तंबाखूतून विषाणू तिच्यावर येऊ शकतो.

बोराटी

साल खाणाऱ्या अळीची एक नोंद. बोर, फालसा, तुती तिन्हीवर येते. खोडावर, बहुतेक फांदीच्या बेचक्याजवळ, भुश्याचं आणि विष्ठेचं जाळं विणलेलं लांबट भुयार दिसतं. ते वाळवी समजून वाळवीचं औषध ओततात. वाळवीचं आवरण मातीचं असतं, हे रेशमी धाग्याचं, ओढलं तर चिंधीसारखं निघतं.

अळी दिवसा खोडातल्या छिद्रात असते, रात्री बाहेर येऊन जाळ्याखालची साल खाते. पाऊस ओसरला की, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जाळं ताठ ब्रशने पूर्ण झाडा म्हणजे छिद्र दिसेल. सायकलच्या चाकाची तार आत सरकवा, टोकाला ओलं लागेपर्यंत. मग रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये भिजवून पिळलेला कापसाचा छोटा बोळा आत ढकला आणि ओल्या मातीने तोंड लिंपा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताजा भुसा दिसला तर अळी जिवंत आहे किंवा दुसरं छिद्र राहिलं आहे. विडी-काडी लांब ठेवून काम करा.

काळी_माती

फालसा आणि करवंद थोडक्यात.

फालशावर पावसाळ्यात पानावर तपकिरी ठिपके येतात, कधी खालच्या बाजूला तांबेरा. घाबरण्यासारखं काही नसतं. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, झुडूप तीन-चार फुटांवर छाटायचंच असतं, कारण फळ नव्या फुटीवर येतं. छाटलेलं सगळं आणि खाली पडलेला पाला उचलून काढला की रोगाचं बीजही जातं. ठिपके फारच वाढले तर जुलै-ऑगस्टमध्ये कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 2.5 ग्रॅम. तेव्हा झाडावर फळ नसतं, म्हणून निर्धोक.

करवंद काटक आहे. त्याचे बहुतेक प्रश्न जास्त पाण्याने होतात. खोडावर तपकिरी खवले दिसले तर जुना दातांचा ब्रश आणि साबणाचं पाणी. आतल्या फांद्या विरळ करा, हातमोजे घालून. काटे तर आहेतच, चीकही चिकट असतो.

गच्ची_विजापूररोड

स्ट्रॉबेरी फेब्रुवारीत अचानक धुळकट, तांबूस दिसायला लागते. पाणी कमी पडतंय का?

खारं_पाणी

लाल कोळी. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. टिंबाएवढे ठिपके चालायला लागले आणि बोटाने पुसल्यावर रेघ उमटली की खात्री. कोरडी गरम हवा आणि धूळ त्यांना मानवते, म्हणजे फेब्रुवारी-मार्चचं सोलापूर त्यांच्यासाठी अगदी योग्य.

नोझलच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू सकाळी धुवा, एक दिवसाआड, आठवडाभर. जाळी धरलेली जुनी पानं देठासकट काढा. कुंड्या एकमेकींपासून हातभर लांब, दुपारी सावलीच्या नेटखाली. सायपरमेथ्रीनसारखं काही मारू नका. त्याने कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी दुपटीने उसळतात. मार्चच्या मध्यानंतर आपल्याकडे स्ट्रॉबेरी वाचवण्यात फार जीव घालू नये. महाबळेश्वरची हवा आपण आणू शकत नाही, रोप काढून टाकलं तर कोळी बाकीच्या झाडांवर तरी जात नाहीत.

पोपटी

तुतीची आणि फालशाची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. बुरशीनाशक दोनदा मारून फरक नाही.

काळी_माती

पडणारही नाही, तो रोग नाही. लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असतं पण मुळांना मिळत नाही, आणि बोअरचं पाणी त्यात भर घालतं. लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी पानांवर, दहा दिवसांनी परत. फरशीवर सांडलं तर तांबडा डाग पडतो, सांभाळा. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या. ईडीटीए प्रकारचं आपल्या मातीत टिकत नाही.

जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर तेही करप्याचं नसून क्षाराचं लक्षण. कुंडीला महिन्यातून एकदा तळातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत गोडं पाणी द्या.

झाड पाणी असूनही दुपारी मान टाकत असेल तर कुंडीच्या कडेची थोडी मुळं उकरून बघा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिबारीक जंत. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. एप्रिल-मे मध्ये ती ओली करून गच्चीवर अर्धा फूट जाड पसरा, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा दाबा आणि चार ते सहा आठवडे राहू द्या. काळं प्लॅस्टिक नको, पारदर्शकाखाली माती जास्त तापते. नंतर निंबोळी पेंड आणि शेणखत मिसळा, किलोभर शेणखताला 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी). तापलेल्या मातीत ट्रायकोडर्मा घालू नका, निवल्यावर.

मोरचूद

छाटणीनंतरच्या जखमांसाठी बोर्डो पेस्ट: 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या डब्यात रात्रभर विरघळवा, लोखंडी भांडं नको. 100 ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या डब्यात थोड्या थोड्या पाण्याने विरवून अर्धा लिटर करा, निवू द्या. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या डब्यात ओतत काठीने ढवळा. स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, चुन्याची निवळी आणखी घाला. अंगठ्यापेक्षा जाड कापांना ब्रशने लावा, त्याच दिवशी. उरलं तर दुसऱ्या दिवशी उपयोगाचं नाही.

पोपटी

शेवटचं विचारतो. गल्लीच्या टोकाला एकाचं रेशीम आहे आणि तो आमच्या तुतीचा पाला मागतो. रसभरीच्या फळात अळी दिसली म्हणून बीटी मारायचं ठरवलंय. जैविक आहे, तेव्हा चालेल ना?

रेशीमवाट

माणसाला चालेल, रेशीमकिड्याला नाही. बीटी हा जिवाणू पतंगवर्गीय अळ्यांना मारतो आणि रेशीमकिडा त्याच वर्गातला. 1901 साली जपानमध्ये इशिवाता यांना हा जिवाणू सापडला तोच मुळी आजारी रेशीमकिड्यांत. वाऱ्याने थोडा तुतीवर उडाला आणि तो पाला घातला तर अख्खी बॅच जाऊ शकते. निंबोळीचंही तसंच, किडे खाणं सोडतात, कात टाकत नाहीत.

रसभरीच्या कुंड्या तुतीपासून लांब, वारा पडलेला असताना, लिटरला 1 ते 2 ग्रॅम, संध्याकाळी, कारण उन्हात बीटी टिकत नाही. मोजक्याच कुंड्या असतील तर फळावरच्या भोक पडलेल्या कागदी पिशव्या फळासकट हाताने तोडून अळ्या वेचणं त्याहून सोपं. आणि तुतीवर किंवा तिच्या आसपास काहीही मारलं, साबणसुद्धा, तर त्या रेशीमवाल्याला त्याच दिवशी सांगा आणि या फुटीचा पाला देऊ नका. पुढच्या छाटणीनंतर आलेला नवा पाला द्या.

पोपटी

ठीक. पिशव्या तोडूनच काढतो.

गच्ची_विजापूररोड

ग्रीसच्या पट्टीसाठी कोणती चिकटपट्टी टिकते? साधी पारदर्शक उन्हात तडकते.

मोरचूद

खोकी बंद करायची तपकिरी रुंद पट्टी, दोन वेढे, चिकट बाजू खोडाकडे. खडबडीत सालीच्या बोराला आधी कापसाचा पातळ पट्टा आवळा आणि त्यावर पट्टी, नाहीतर मुंग्या सालीच्या खाचांतून खालून निघून जातात. खोड वाढतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी सोडून नव्याने बांधा.